रिकाम्या गल्लीची साक्ष

बुधवारी सकाळी दहाला ओशन व्ह्यूच्या चर्चमागच्या हॉलमध्ये आमची बैठक भरायची, आणि मी साडेनऊलाच जाऊन खुर्च्या गोल मांडून ठेवायची. टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र, शेजारी वही, कोपऱ्यात चहाचं आधण. चौतीस वर्षं मी नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर केपटाउनच्या एका संस्थेनं मला या कामावर घेतलं. गोऱ्या सरकारनं सायमन्स टाउनमधून, गोरे नाहीत म्हणून, ज्यांना उठवलं आणि डोंगरापलीकडे इथं आणून टाकलं, त्यांच्यातली जी माणसं आता साठीच्या पुढं आहेत त्यांच्या घरी जायचं, झोप येते का, साखर किती, रडू कधी येतं, दारू किती लागते, हे सगळं विचारून लिहून घ्यायचं, आणि त्यातून मनावरचे जुने घाव भरून निघतील असा बारा आठवड्यांचा कार्यक्रम तयार करायचा, असं ते काम. संस्थेच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं. वस्तीत त्याला 'सिस्टरचा बुधवार' म्हणत.

मला घेतलं त्याचं एक कारण माझा अनुभव. दुसरं कारण, मी मुलाखतीत सांगितलं होतं की मीही यांच्यातलीच आहे; आम्हालाही क्लेअरमाँटच्या घरातून काढलं आणि रिट्रीटला नेऊन टाकलं. समोरच्या बाईंनी हे ऐकून माझ्या हातावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

आम्हाला कोणीच कुठून काढलं नव्हतं. मी सायमन्स टाउनचीच, बंदराच्या वरच्या गल्लीतली, हिरव्या फाटकाच्या घरातली. माहेरचं नाव उर्सुला क्युपिडो. गल्लीतली सगळी घरं रिकामी झाली तेव्हा आमच्या घरातली खुर्चीसुद्धा हलली नाही, कारण तोवर आम्ही कागदोपत्री गोरे झालो होतो.

ते असं झालं. पप्पा गोदीत कारकून होते, उजळ, घाऱ्या डोळ्यांचे. मम्मी त्यांच्याहून उजळ. मीही तशीच निघाले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान नोरीन मात्र आजीवर गेली होती. पप्पांच्या आईला आम्ही 'मा' म्हणत असू. तिचा तो पिकलेल्या खजुरासारखा रंग आणि दाट कुरळे केस नोरीननं जसेच्या तसे उचलले होते. गल्ली गोऱ्यांची जाहीर होणार अशी कुणकुण लागली तेव्हा पप्पांनी, कोणाला न सांगता, आमची वंशाची नोंद बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. सदुसष्टच्या जुलैत चौकशीला एक साहेब आला. नोरीनला त्या दिवशी सकाळपासून माच्या खोलीवर पाठवून दिलं होतं.

साहेब चांगला होता. टोपी काढून बसला, चहा घेतला. मग त्यानं माझ्या केसांत पेन्सिल खोचली आणि मला मान खाली घालायला सांगितली. पेन्सिल पडली; कुरळ्या केसांत ती अडकते, गोऱ्यांच्या सरळ केसांतून पडते, अशी ती तपासणी. तो हसला, मीही हसले. मी सोळा वर्षांची होते, आणि परीक्षेत पहिली आल्यासारखं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या दारानं नोरीन आत आली. अनवाणी, हातात माच्या घरून आणलेले चार स्नूक मासे, कागदात गुंडाळलेले.

"ही कोण?" साहेबानं विचारलं.

पप्पा चष्मा पुसायला लागले. मम्मी बशीकडे बघत राहिली. ती दोघं काय म्हणाली असती, कोणाला ठाऊक. कदाचित खरं सांगूनही टाकलं असतं. पप्पांचे ओठ हललेले मी पाहिले होते. पण मी त्यांच्या आधी बोलले.

"गोदीवरून मासे आणून देते ती," मी म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, "आज नकोत गं. उद्या ये."

नोरीननं माझ्याकडे पाहिलं. साहेबाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. चौदा वर्षांची पोर ती.

"बरं, मिस," ती म्हणाली, आणि आली तशी गेली.

ती परत आली नाही. पप्पा दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेले तेव्हा मा स्वतःच दारात आडवी उभी राहिली. पुढच्या वर्षी ट्रक आले, तेव्हा मा आणि नोरीन सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये बसून ओशन व्ह्यूला गेल्या. मी पडद्याआडून बघत होते. वस्तीच्या नावात समुद्र आहे, पण त्यांच्या फ्लॅटमधून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत, हे मला सेहेचाळीस वर्षांनी कळलं.

मधल्या काळात मी गोऱ्यांच्या इस्पितळात शिकले, व्हर्माक नावाच्या रेल्वेतल्या माणसाशी लग्न केलं, फिश हुकला राहिले. मूल होऊ दिलं नाही. त्याचा रंग कसा निघेल या भीतीनं नवऱ्याला काही ना काही आजार सांगत राहिले. नवरा भला होता. त्याला मरेपर्यंत काही कळलं नाही. एकदा, अठ्ठ्याहत्तर साली, फिश हुकच्या स्टेशनवर नोरीन दिसली, कडेवर मूल होतं. मी वर्तमानपत्राची घडी उलगडून तोंडासमोर धरली. पप्पा गेले तेव्हा तिला कळवलं नाही. मम्मी गेली तेव्हाही नाही. राज्य बदललं, ते कायदे गेले, तेव्हा मी तिला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही कपाटात ठेवली.

ओशन व्ह्यूच्या कामाची जाहिरात पाहिली तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आपण प्रायश्चित्त घेणार आहोत. पण घरोघर जाऊन विचारपूस करायची वेळ आली तेव्हा नोरीनच्या इमारतीचा भाग मी माझ्या सहकारी पोरीला, तस्नीमला दिला. तस्नीम समाजकार्य शिकलेली, सत्तावीस वर्षांची, चटपटीत. तिनं भरून आणलेला नोरीनचा फॉर्म मी घरी नेऊन वाचला. विधवा. शिवणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं. दोन मुलगे. झोप तीन-चार तास. एकोणिसावा प्रश्न मीच घातला होता: तुमच्या कुटुंबात कोणी कागदोपत्री गोरं झालं का? उत्तर, होय. आता संबंध आहे का? नाही. याबद्दल काही सांगावंसं वाटतं का? तिथं तस्नीमनं लिहिलं होतं: 'बाई हसल्या आणि चहा घेणार का विचारलं.'

मला वाटलं, ती बैठकीला येणार नाही. पहिल्याच बुधवारी ती आली. भुरा कोट, डोक्याला रुमाल, रांगेत शेवटची. माझ्यासमोर बसून तिनं बाही वर केली आणि हात पुढं केला.

"घ्या, सिस्टर."

मी पट्टा गुंडाळला. सत्तेचाळीस वर्षांनी मी बहिणीच्या हाताला हात लावत होते, आणि माझं सगळं लक्ष काट्याकडे होतं. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार. "जास्त आहे," मी म्हणाले. "गोळ्या घेता ना?"

"घेते. कधी विसरते."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मनाला समजावलं, ओळखलं नाही. माझे केस पांढरे झालेत, आडनाव बदललंय, अंगही सुटलंय. तिसऱ्या बुधवारी पट्टा बांधताना ती म्हणाली, "तुमचे हात फार गार असतात, सिस्टर." बाकी काही नाही. नर्सला सगळेच सिस्टर म्हणतात.

बैठकीला आठ-नऊ जण यायचे. त्यांच्यात बोलके दोघं. एक गनीफ, एकाहत्तर वर्षांचे, पूर्वी गवंडीकाम करायचे. अख्खी वस्ती त्यांना थोरला भाऊ मानून 'बुता' म्हणे. आमच्या गल्लीत ते वरच्या अंगाला राहायचे, आणि पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. दुसरी मॉड आंटी, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली. दर आठवड्याला एक विषय असे आणि तो मी ठरवी. सहाव्या आठवड्याचा विषय होता 'आपलीच माणसं'.

"आपलीच माणसं म्हणजे आमची आयरिस," मॉड आंटीनं सुरुवात केली. "सख्खी मावसबहीण. गोरी झाली आणि फिश हुकच्या बेकरीत काउंटरला लागली. मी पाव घ्यायला गेले, तर म्हणते कशी, 'मागच्या खिडकीवर ये.' अगं बये, तुझे लंगोट माझ्या आईनं धुतलेत." सगळे हसले. तिची नजर नोरीनवर गेली आणि ती एकदम थांबली. "सॉरी हं, नोरीन. तुझ्या घरच्यांवरून नाही बोलले."

"बोल की. मला काय," नोरीन म्हणाली.

तेव्हा मी मध्ये पडले. संस्थेनं दिलेल्या पुस्तकातलं वाक्य माझ्या तोंडी होतं. मी म्हणाले, जे गोरे झाले त्यांच्यावरही एका परीनं अन्यायच झाला. भीतीपोटी माणूस काय करेल सांगता येत नाही. त्यांनाही त्याचे घाव असतील.

"भीती मलाही होती, सिस्टर," मॉड आंटी म्हणाली. "घर गेलं माझं. पण मी बहिणीला ओळख दिली."

बुतांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि परत ठेवली. मग नोरीन, सहा आठवड्यांत बैठकीत आपणहून पहिल्यांदाच, बोलली.

"सिस्टर, तुम्ही आमचं सगळं विचारता. झोपतो किती, रडतो किती. तुमचं काही आम्ही ऐकलंच नाही. तुमच्या घरी कोण कोण होतं?"

आवाज अगदी साधा, शेजारीण विचारते तसा. ती मला वाट करून देत होती. हे मला तेव्हाच, त्याच क्षणी कळलं. पुढं मी स्वतःला सांगून पाहिलं की कळलं नव्हतं, पण ते खोटं.

"आई, वडील आणि मी," मी म्हणाले.

"आणखी कोणी नाही?"

"नाही. मी एकटीच."

"एकुलती एक," नोरीन मान हलवत म्हणाली. "लाडाची असाल." आणि तिनं ताटलीतला खोबरं लावलेला गोड तळणीचा कूसिस्टर उचलला आणि सावकाश खाल्ला.

मी बैठक वेळेवर संपवली. खुर्च्या रचल्या, कप धुतले, गाडी चालवत घरी आले, आणि बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले तर मला माझ्या तोंडाकडे बघवेना. सोळाव्या वर्षी बोलले ते पोरवयात बोलले, घाबरून बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले होते. आता त्रेसष्टाव्या वर्षी कोण साहेब बसला होता समोर? कोणाच्या हातात पेन्सिल होती? विचारलं ते तिनंच. आणि मी पुन्हा तेच केलं.

शनिवारी मी तिच्या दाराशी गेले. दाराचा वरचा अर्धा भाग तिनं उघडला, खालची कडी तशीच. आत कोणीतरी रेडिओवर रग्बी ऐकत होतं. बाहेर कचऱ्याच्या डब्यावर बबून, इकडचं दांडगं माकड, बसला होता, तिनं हातातलं फडकं झटकून त्याला हाकललं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"नोरीन," मी म्हणाले. "मी..."

"इथं नको."

"मला फक्त एवढंच..."

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली होतीस ना? दोन्ही दिवशी. मग आता दारामागं काय कुजबुजतेस." आज पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणत होती. "बोलायचं तर बुधवारी बोल. सगळ्यांच्या पुढ्यात. नाहीतर बोलूच नकोस, मी काही तुझ्या मागं लागलेली नाही."

तिनं दार आपटलं नाही. नुसतं लावलं.

बुधवारी मी खुर्च्या मांडल्या, पण यंत्र पिशवीतून काढलं नाही. सगळे बसल्यावर मी उभी राहिले. घरी मी चार पानं लिहून आणली होती. ती तशीच हातात राहिली. मी सांगितलं की माझं माहेरचं नाव क्युपिडो. मी रिट्रीटची नाही. नोरीन माझी सख्खी बहीण आहे, आणि मी तिला मासेवाली म्हणाले, आणि ते मला पप्पांनी शिकवलं नव्हतं, माझं मीच बोलले. गेल्या बुधवारी खोटं बोलले तेही माझं मीच. बोलताना मी कोणाकडे बघू शकले नाही. हॉलच्या लाकडी फरशीवर कोणाच्या तरी काठीचं रबरी टोक दिसत होतं, मी त्याच्याकडे बघून बोलत होते. रडू आलं होतं, पण रडले तर हे लोक माझं सांत्वन करतील, आणि त्याहून मोठी निर्लज्जता नाही, एवढं भान मला राहिलं.

मॉड आंटी उठली. "माझा रक्तदाब हिच्या हातात दिला होता मी," ती कोणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर गेली. तस्नीम भिंतीशी उभी होती. तिचा चेहरा मार बसल्यासारखा झाला होता. एक गृहस्थ हसले, कशाला ते त्यांनाही कळलं नसावं. नोरीन मांडीवर हात ठेवून बसून होती.

"म्हणजे तू सिरिल क्युपिडोची थोरली," गनीफ बुता शेवटी म्हणाले. "हिरवं फाटक."

"हो."

"मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. चालतेस बापासारखी." ते खुर्चीत पुढं सरकले. "तुम्ही मागं राहिलात."

"मी सात वर्षं. लग्न होईपर्यंत."

"मग तुला माहीत असेल."

"काय, बुता?"

"स्किपरचं. आमच्या कुत्र्याचं. फ्लॅटमध्ये कुत्रं चालणार नाही म्हणाले, ट्रकवाल्यानं चढवूच दिलं नाही. त्याचं पुढं काय झालं?"

मी काय काय ऐकून घ्यायची तयारी करून आले होते. शिव्या, थुंकी, नोकरी जाणं. हे मला सुचलंच नव्हतं. त्या गल्लीतून सगळे गेल्यावर तिथं काय झालं हे या लोकांतल्या कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते बघितलेली या हॉलमध्ये मी एकटी होते.

"अकरा दिवस तुमच्या पायरीवर बसून होता," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी मम्मीनं भिंतीवरून पाव टाकला. पप्पा रागावले. म्हणाले, कुत्रं आपल्याला ओळखतं हे कोणाला दिसता कामा नये."

"मग?"

"मग नाही टाकला."

"अकरा दिवस," बुता म्हणाले. "पुढं?"

मला तिथं थांबता आलं असतं. पण शनिवारी नोरीननं दार लावलं तेव्हापासून मी ठरवलं होतं की विचारतील ते सांगायचं. "एक दिवस मी रस्त्यानं येत होते. समोर नव्यानं राहायला आलेल्या दोन गोऱ्या बाया होत्या. स्किपर मला बघून शेपटी हलवत धावत आला. मी दगड उचलला."

"मारलास?"

"मारला."

"लागला?"

"पायाला. नंतर लंगडत होता. बाराव्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली."

बुतांनी डोक्यावरची लाल टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली. "माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, स्किपर कोळ्यांबरोबर मजेत असेल. ताजे मासे खात असेल." त्यांनी नाक शिंकरलं. "बरं झालं, तो गेल्यावर तू आलीस."

मी मान खाली घातली. वाटलं आता निघून जावं.

"बस खाली," बुता म्हणाले. "अजून झालं नाही. आमच्या घरात कोण आलं राहायला?"

मी बसले आणि सांगितलं. नौदलातला एक जण, त्याची बायको, पोटुशी होती. बुतांच्या वडिलांनी बांधलेली भट्टी त्यांनी पहिल्याच महिन्यात फोडली. मग शेजारच्या माणसानं विचारलं, आमचं? ते पाडलं, एकाहत्तर साली, तिथं काही बांधलंच नाही, नुसतं गवत. शाळेची घंटा? ती कोणीतरी उचलून नेली. कोणी ते मला माहीत नाही. जे माहीत नव्हतं ते नाही म्हणून सांगत गेले. दाराबाहेर कोणीतरी असल्यासारखं वाटलं. मॉड आंटी गेलीच नव्हती. बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होती.

"आमच्या आवारातलं पेरूचं झाड?" तिनं तिथूनच विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तोडलं. गाडी ठेवायला शेड केली."

"गोड होते पेरू," ती म्हणाली. "मेल्यांना गाडीच लावायची होती."

त्या दिवशी आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो. नोरीननं काही विचारलं नाही.

संस्थेला मी त्याच रात्री पत्र लिहिलं. संचालक बाईंनी बोलावून घेतलं, शांतपणे ऐकलं, आणि काम काढून घेतलं. ते बरोबरच होतं. या खेपेला त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही. अहवालातून माझं नाव गेलं. बुधवार तस्नीमकडे आला, आणि तिनं तो माझ्यापेक्षा चांगला चालवला, कारण ती कमी बोलायची. माझ्याशी तर महिनाभर बोललीच नाही.

मग एके दिवशी तिचाच फोन आला. "तुम्हाला बोलवलंय. बुधवारी नाही. बुधवार त्यांचा आहे. गुरुवारी या. मधे बोलायचं नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं. हे माझे शब्द नाहीत, मॉड आंटीचे आहेत."

तेव्हापासून मी गुरुवारी जाऊ लागले. त्यांनी तपकिरी कागदाच्या पट्ट्या जोडून गल्लीचा भिंतभर नकाशा काढला होता. आपापलं घर त्यांनीच रंगवलं: इथं चूल, इथं नळ, इथं आजी मेली ती खाट. माझं काम एवढंच की त्या घराचं पुढं काय झालं ते पेन्सिलीनं बाजूला लिहायचं. दुसऱ्या गल्ल्यांतलेही लोक यायला लागले, त्यांची पोरं-नातवंडं यायला लागली. कोणी ऐकून रडायचे, कोणी भांडायचे. "स्वतःला वाचवायचंय म्हणून सांगतेस," असं एक बाई मला म्हणाली. तस्नीमनं पुढं या नकाशावरच सगळा कार्यक्रम बांधला आणि माझी प्रश्नावली बाजूला ठेवली. काहींचा रक्तदाब उतरला, काहींचा नाही. हे मी वहीवरून सांगत नाही, वही आता माझ्याकडे नसते. बुतांनीच मला सांगितलं, त्यांना हल्ली पहाटेपर्यंत झोप लागते.

नोरीन दर गुरुवारी यायची, मागच्या खुर्चीत बसायची आणि काही न विचारता जायची. हिरव्या फाटकाचं घर नकाशावर कोरंच होतं. ते ना तिनं रंगवलं, ना मी हात लावला.

नोव्हेंबरात एकदा सगळे गेल्यावर ती बसून राहिली. बाहेर आग्नेयेचा वारा सुटला होता, हॉलचे पत्रे वाजत होते. मी कागदावरच्या पिना काढत होते.

"एकोणसत्तरचा डिसेंबर," ती म्हणाली. "मा बसनं तुमच्याकडे आली होती. केक घेऊन."

माझे हात थांबले.

"घरी आली तर म्हणाली, कोणी नव्हतं गं घरी. मरेपर्यंत तेच म्हणाली. मी कधी त्यावरून तिला छेडलं नाही." ती कोटाची बटणं चाचपत होती. "होतात का कोणी घरी?"

मा जाऊन तीस वर्षं झाली होती. नव्हतो म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? दोघींनाही बरं वाटलं असतं. मी तो विचार केला, हे लपवत नाही.

"होतो," मी म्हणाले. "मम्मी आणि मी. मागच्या दाराच्या आत."

"किती वेळ होती ती?"

"अर्धा तास असेल. दोनदा दार वाजवलं. मग पायरीवर बसली. नळाचं पाणी प्यायली."

"आणि मम्मी?"

"मम्मी उठली होती. कडीला हात घातला होता तिनं. मी तिचं मनगट धरून ठेवलं."

नोरीननं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. घालायची सवय होती, पण नाही घातली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "केकचा डबा ठेवून आली होती ती. घरी कोणी नसतं तर दारात ठेवला नसता. बबून पळवतात. तिला ठाऊक होतं तुम्ही आत आहात."

वाऱ्यानं दार आपटलं. तिनं उठून ते लावलं आणि परत येऊन बसली.

"खाल्लात का?"

"हो."

"तू?"

"दोन तुकडे खाल्ले," मी म्हणाले. आणि तेव्हा मात्र माझा चेहरा असा पेटला की मला दोन्ही हात गालांवर धरावे लागले. दगडाचं सांगताना नव्हतं, मनगटाचं सांगताना नव्हतं, ते त्या दोन तुकड्यांचं सांगताना झालं. मा बाहेर नळाचं पाणी पिऊन गेली, आणि मी तिचा केक खाल्ला, आणि तो मला आवडला होता.

नोरीननं रुमाल बांधला, कोट घातला, पिशवी काखेत मारली. मी तिच्यासाठी दार धरून उभी राहिले, कारण वाऱ्यात ते धरावंच लागायचं.

"चांगला व्हायचा तिचा केक," ती उंबऱ्यापाशी म्हणाली. "पुढच्या गुरुवारी मी नाही. डोळे दाखवायला जायचंय. त्याच्या पुढच्या गुरुवारी येईन."

"बरं," मी म्हणाले.

ती इमारतींच्या मधल्या वाटेनं गेली. मी दिवे मालवले, खुर्च्या रचल्या आणि किल्ली चर्चच्या बाईंकडे देऊन घरी गेले.